परदेशची विद्या, घरचा प्रश्न

उद्योगातून लोकांचे भले कसे साधावे, हे शिकण्यासाठी हल्ली कित्येक तरुण काही महिने परदेशी उमेदवारी करतात. त्यात गैर काहीच नाही. इंग्लंडातील रॉचडेल गावी १८४४ साली २८ सामान्य माणसांनी पैपैसा साठवून स्वतःचे दुकान काढले आणि सहकाराची ती वाट पुढे जगभर गेली. परंतु नुसती विद्या आणून भागत नाही. तिला घरचा प्रश्न भेटावा लागतो.

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, लोणी येथे, असेच घडले. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला अर्थशास्त्र शिकून आलेले. विठ्ठलराव विखे पाटील गावचे शेतकरी, शाळा थोडीच शिकलेले. घाम शेतकऱ्याचा आणि भाव दुसऱ्याच्या हाती, हे दुखणे विठ्ठलरावांना पुरते ठाऊक होते. त्यांनी भागभांडवलासाठी गावे पालथी घातली. गाडगीळांनी अध्यक्षपद सांभाळले. १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच! रॉचडेलचाच हा नियम. पण येथे तो धोतर-पागोटे घालून आला. एकटे केंब्रिज हे करू शकले नसते, आणि एकटे लोणीही कदाचित नाही.

तथापि उसाला पाणी फार लागते, आणि याच जिल्ह्यातील पारनेर, जामखेड हे तालुके आभाळाकडे डोळे लावून बसतात. परदेशी निघालेल्या तरुणाने हा प्रश्न शिदोरीसारखा सोबत न्यावा. इस्राएलातील ठिबक सिंचन पाहताना, हे दोन एकरांच्या धन्याला परवडेल काय, असे त्याने तेथेच विचारावे.