यवतमाळ जिल्ह्यातील अतिउच्चदाब वीजवाहिन्यांचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातील अतिउच्चदाब वीजवाहिन्यांचा प्रश्न हा विदर्भातील वीजनिर्मिती व पारेषणासाठी लागणारी जमीन, पाणी आणि स्थानिकांची संमती यांच्याशी निगडित आहे. मोठ्या औष्णिक प्रकल्पाविषयी हरकत नोंदविण्यासाठी जनसुनावणीची तरतूद आहे. वाहिनीसाठी तशी तरतूद नाही. त्यामुळे वाहिनीला होणारा विरोध बहुधा मार्ग निश्चित झाल्यानंतर, मनोऱ्याच्या पायाचे खोदकाम सुरू होताना प्रकट होतो.

पार्श्वभूमी

जिल्ह्यातील वणी परिसरात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. लगतच्या चंद्रपूर जिल्ह्यात महानिर्मितीचे २,९२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक केंद्र आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीद्वारे दक्षिणेचे ग्रीड उर्वरित देशाशी जोडले गेले. त्यानंतर उभारलेली वर्धा–निजामाबाद ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी यवतमाळ जिल्हा ओलांडून तेलंगणात जाते. कापूस, सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या या जिल्ह्याच्या शेतांवरून जाणारी वीज अशा प्रकारे मुख्यतः इतरत्र वापरली जाते.

निर्मिती प्रकल्पांना विरोध

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात नांदगाव पेठ येथील औष्णिक प्रकल्पाला ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी देण्यास शेतकऱ्यांनी विरोध केला. हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. प्रकल्पाचा १,३५० मेगावॅटचा पहिला टप्पा उभा राहिला. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत उद्योगाला शेतीच्या आधी स्थान होते. २०११ मध्ये हा क्रम बदलून शेतीला दुसरे स्थान देण्यात आले.

कायदेशीर चौकट

पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत औष्णिक प्रकल्पांचा समावेश आहे, पारेषण वाहिन्यांचा नाही. वनजमिनीसाठी मात्र स्वतंत्र मंजुरी लागते. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १६४ नुसार पारेषण कंपनीला भारतीय तार अधिनियम, १८८५ मधील अधिकार देता येतात. त्यानुसार जमीन संपादित होत नाही. केवळ वापराचा हक्क मिळतो. सातबारा शेतकऱ्याच्याच नावे राहतो. अडथळा आल्यास जिल्हा दंडाधिकारी काम करू देण्याचा आदेश देऊ शकतात आणि भरपाई अपुरी वाटल्यास जिल्हा न्यायाधीशांकडे दाद मागता येते.

मोबदला

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या १५ ऑक्टोबर २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याखालील जमिनीसाठी जमीनमूल्याच्या ८५ टक्के व तारांखालील पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के मोबदला सुचविला होता. १४ जून २०२४ च्या सूचनांत हे प्रमाण अनुक्रमे २०० व ३० टक्के करण्यात आले. त्यांचा अवलंब राज्यांवर सोपविलेला आहे.

विश्लेषण

७६५ किलोव्होल्टच्या दुहेरी वाहिनीचा पट्टा सुमारे ६७ मीटर रुंद असतो. ती एखाद्या शेतातून २०० मीटर गेली, तरी सुमारे १.३४ हेक्टर जमीन पट्ट्यात येते. तेथे कापूस घेता येतो. घर बांधता येत नाही किंवा उंच वाढणारी झाडे ठेवता येत नाहीत. गावठाणालगतच्या जमिनीत हे नुकसान अधिक असते, कारण पुढील पिढीच्या घराची जागाच बाधित होते. मोबदल्याचे वाढीव दर या नुकसानीची काही अंशी भरपाई करतात. परंतु वाहिनी कोठून जावी, या निर्णयात शेतकऱ्याला स्थान देत नाहीत. विरोध पैशासाठी असल्याचे वरकरणी दिसते, त्याचे एक कारण हे आहे की कायद्याने प्रामुख्याने पैशाविषयीच दाद मागण्याची सोय ठेवली आहे.