ऑफिसातला तातडीचा निरोप: विकत घेण्याआधी संगणकात काय आहे ते बघा



मी नेहमी सांगतो, धंदा सुरू करताना आधी घरात काय आहे ते बघा, मग बाजारात जा. आज त्याचंच एक छोटं उदाहरण देतो.

गारखेड्यात सूतगिरणी चौकाजवळ माझं डीटीपीचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. काउंटरवर एक संगणक, आत तीन. लग्नसराईत एका सकाळी मुलीच्या वडिलांचा फोन आला. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, आणि प्रूफमध्ये ११ वाजून ३५ पडलंय. मी लगेच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. आतल्या मुलाचा मोबाईल चार्जिंगला लावलेला. दुपारी ५०० पत्रिका छापून तयार! कागद, शाई, मजुरी सगळं माझ्या खिशातून गेलं.

चूक त्या मुलाची नव्हती, माझी होती. तो सकाळपासून स्क्रीनकडे बघत बसला होता, आणि मी निरोप मोबाईलवर टाकला. जिथे माणसाची नजर आहे, तिथे निरोप गेला पाहिजे.

अशा वेळी बरेच जण महिन्याचं भाडं असलेलं सॉफ्टवेअर घ्यायला धावतात. थांबा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत ‘एमएसजी’ नावाची एक कमांड आधीपासूनच असते. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे ती काळी खिडकी उघडायची. एमएसजी, मग स्टार, मग स्लॅश सर्व्हर कोलन आणि पुढे आतल्या संगणकाचं नाव, शेवटी निरोप. एंटर मारला की समोरच्या स्क्रीनवर छोटी चौकट उघडते. इंटरनेट बंद असलं तरी चालतं, ऑफिसातलं नेटवर्क पुरेसं आहे.

इथे एक गैरसमज होतो. स्टार म्हणजे ऑफिसातले सगळे संगणक नव्हे, तर त्या एका संगणकावर लॉगिन असलेले सगळे. चार संगणकांना सांगायचं तर चार ओळी लिहून एक बॅच फाइल करून ठेवा. स्लॅश टाइम लावून चौकट किती सेकंद राहावी ते ठरवता येतं, आणि स्लॅश डब्ल्यू लावलं तर समोरच्याने ओके दाबेपर्यंत तुमची कमांड वाट बघते. पोच मिळाल्याशिवाय पुढे जायचं नसेल तेव्हा हेच वापरा.

आता अडचणीही सांगतो, कारण फुकट म्हणजे बिनत्रासाचं असं नसतं. विंडोज होम आवृत्तीत ही कमांड नसते, आणि दुकानातून घेतलेल्या स्वस्त लॅपटॉपवर बहुतेकदा होमच असतं. केवळ यासाठी प्रो विकत घेऊ नका. दुसरं, प्रो असलं तरी दुसऱ्या संगणकावरून निरोप घेणं मुळात बंद ठेवलेलं असतं. ते रजिस्ट्रीत आणि फायरवॉलमध्ये उघडावं लागतं, पाठवणाऱ्याला त्या संगणकावर परवानगीही लागते. हे काम तुमच्या संगणकवाल्याकडून करून घ्या, आणि फक्त ऑफिसातल्या नेटवर्कपुरतंच उघडा. तिसरं, संगणक बंद असेल तर निरोप साठून राहत नाही.

मुळात बंद का ठेवलंय? त्याला इतिहास आहे. विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये ‘नेट सेंड’ नावाची अशीच कमांड होती. २००२ च्या सुमारास जाहिरातवाल्यांना कळलं की इंटरनेटवरून कोणाच्याही स्क्रीनवर चौकट टाकता येते. मग लोकांच्या स्क्रीनवर नको त्या जाहिरातींचा पाऊस सुरू झाला. शेवटी मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ मध्ये ती सेवा मुळातच बंद करून दिली, आणि व्हिस्टात काढूनच टाकली.

आपल्याकडे एसएमएसचं वेगळं काय झालं? जाहिरातींनी लोक वैतागले, आणि ट्रायच्या २०१८ च्या नियमांनंतर धंद्याचा एसएमएस पाठवायचा तर आधी नोंदणी करा, मजकुराचा साचा मंजूर करून घ्या, अशी वेळ आली. दुसऱ्याच्या नजरेसमोर फुकटात जायला मिळतंय म्हणून रोज गेलात, तर दार बंद होणारच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. ही कमांड फक्त ‘थांबा’ सांगायला वापरा. छपाई थांबवा, बिल फाडू नका, माल गाडीत चढवू नका, दहा मिनिटांत सर्व्हर बंद होणार आहे, असे निरोप. ज्यात उशीर झाला तर पैसे जातात, तेवढेच. ‘चहा आलाय’, ‘उद्या कोण सुट्टीवर’ हे त्यात नको. आठवड्याभरात पोरं न वाचताच ओके दाबायला शिकतील, आणि ज्या दिवशी खरंच पत्रिका थांबवायची असेल त्या दिवशीही तेच होईल.

आणि चार पावलांवर माणूस बसला असेल तर उठून जा की! मी त्या दिवशी उठलो असतो, तर पन्नास पत्रिकांवर काम थांबलं असतं. काउंटर सोडता येत नाही, गिऱ्हाईक समोर उभं आहे, तेव्हा ही कमांड.

आज एक काम करा. तुमच्या धंद्यात असे ‘थांबा’ निरोप कोणते, ते कागदावर लिहा. पाचाच्या वर गेले तर अडचण निरोपाची नाही, कामाच्या पद्धतीची आहे. आधी ती दुरुस्त करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.