हजेरीपटावरचे नाव

कामगार संघटनेचा हक्क कायद्यात हजेरीपटापासून सुरू होतो. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा व १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा तिच्यात सामावले. एकापेक्षा जास्त संघटना असतील, तर हजेरीपटावरील किमान ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा ज्या संघटनेला असेल, तिलाच मालकाशी वाटाघाटीचा अधिकार. तेवढे बळ कोणाकडेच नसेल, तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची परिषद. संपाआधी १४ दिवसांची नोटीस सक्तीची. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात किंवा वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) खाणीत या आकड्यांना अर्थ आहे, कारण तिथे हजेरीपट आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात सर्वांत जास्त हात राबतात ते तेंदूच्या हंगामात, आणि त्या हातांची हजेरी कुठेच लागत नाही.

मे महिन्यात या दोन जिल्ह्यांतली घरेच्या घरे पहाटेच रिकामी होतात. ऊन चढण्याआधी पान तोडायचे, ओझे बांधून घरी आणायचे आणि दुपारभर पडवीत बसून पुडे बांधायचे. एका पुड्यात ७० पाने. फाटके, भोक पडलेले पान बाजूला काढायचे, बाकीची एकावर एक रचून सालीच्या बंदाने आवळायची. म्हातारी माणसे पाने मोजतात, शाळेला सुट्टी लागलेली पोरे बंद पुरवतात. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेले की ठेकेदाराचा दिवाणजी ते मोजून घेतो. ढिला किंवा कमी पानांचा पुडा बाजूला पडतो, आणि त्यावर दाद मागायला जागा नसते. दिवाणजीच्या वहीत नाव चढते, पण नावापुढे पुड्यांचा आकडा असतो. दिवसभराचे श्रम त्या वहीत कामाचा दिवस म्हणून नोंदले जात नाहीत, माल म्हणून नोंदले जातात. भाव शेकड्यावर मिळतो.

त्यामुळे हिशेबात पान तोडणारी बाई पान विकणारी ठरते, कामगार ठरत नाही. त्याच पानात तंबाखू भरून विडी वळणाऱ्या बाईला १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून केलेल्या कामालाही संरक्षण दिले, आणि १९७६ मध्ये तिच्यासाठी कल्याण निधीचा कायदा झाला. पान एकच, पण जंगलातल्या टोकाला कामगार कायदा पोचला नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातील मेंढामाळच्या जंगलात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिलांचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. अशा घरांना सरकारी मदत मिळते ती वन्यप्राण्याने मारलेल्या व्यक्तीचे कुटुंब म्हणून. त्या कामावर गेल्या होत्या, ही गोष्ट त्या मदतीत कुठेच येत नाही. हा अन्याय आहे.

या भागाने संघटित होण्याची स्वतःची वाट मात्र शोधली आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे अनेक ग्रामसभांनी तेंदूचा लिलावही स्वतः केला, काहींनी एकत्र येऊन केला. एकेकटे घर ठेकेदाराशी भाव बोलू शकत नाही, गाव बोलू शकते. सामूहिक सौदा म्हणतात तो हाच, फक्त संघटनेच्या कायद्यात त्याला जागा नाही.

ग्रामसभेची ताकद पानाच्या भावापर्यंत पोचते. फळीवर पाने वाळत घालणारे, उलटवणारे, बोद (पोती) भरणारे आणि गाडीत चढवणारे मजूर ठेकेदाराचे असतात. त्यातले अनेक बाहेरगावचे असतात, आणि ग्रामसभेत त्यांना बसता येत नाही. त्यांचा मालक त्या हंगामापुरता असतो.

वन खात्याच्या रोपवाटिकेत आणि रोपवनांत राबणाऱ्या मजुराचे नाव हजेरीपटावर येते, पण तुटक-तुटक. पुण्याजवळच्या पाचगाव पर्वती येथील वनीकरणावरच्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये दोन गोष्टी स्पष्ट केल्या. हे काम सार्वभौम कार्य नाही, म्हणून ते ‘उद्योग’ ठरते. आणि कायमपणाचे लाभ नाकारण्यासाठी माणसाला वर्षानुवर्षे हंगामी ठेवणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथा आहे. नव्या संहितेने सरकारची सार्वभौम कार्ये ‘उद्योगा’च्या व्याख्येबाहेर ठेवली आहेत. ‘सार्वभौम कार्ये’ या दोन शब्दांचा आधार घेऊन जुना वाद पुन्हा उकरला जाऊ नये, एवढी काळजी नियम करणाऱ्यांनी घ्यायलाच हवी.

संपाच्या नोटिशीच्या अटीचाही विचार झाला पाहिजे. १९४७ च्या कायद्यात ही सक्ती लोकोपयोगी सेवांपुरती होती, संहितेत ती सगळीकडे आहे. एका फळीचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. १४ दिवस थांबायचे तर तोवर पाने वाळून बोदात भरलेली असतात.

म्हणून सुधारणा करायचीच तर ती जंगलापासून करावी. फळीवर पान देणाऱ्या आणि फळीवर राबणाऱ्या प्रत्येकाला हंगामी कामगार म्हणून ओळखपत्र मिळावे, आणि संघटनेला मान्यता देताना तीच नोंदवही हजेरीपट धरावी. सलग हंगामांची नोंद सेवेत मोजावी. एका फळीऐवजी तालुका किंवा जिल्हा हा संघटनेचा घटक मानावा. हंगामी कामासाठी नोटिशीची मुदत हंगामाच्या लांबीप्रमाणे ठरवावी. वनीकरणाचे काम उद्योगच आहे, असे नियमांत लिहून टाकावे. आणि मजुरीच्या वाटाघाटीत ग्रामसभांच्या महासंघाला संघटनेच्या बरोबरीने बसण्याचा अधिकार द्यावा.