विज्ञानवर्गातील कंपू

शिंद्यांच्या कवायती पलटणींना ‘कंपू’ म्हणत. ग्वाल्हेरची कंपू वस्ती ते नाव आजही बाळगून आहे. आता तेथे कमलाराजा कन्या महाविद्यालयात मुली विज्ञान शिकतात. मराठीत मात्र कंपू म्हणजे आपल्यापुरता गट, आणि तो विज्ञानाच्या वर्गातही असतोच. पुढच्या बाकांवरचे इंग्रजीतून बोलतात. ग्वाल्हेरात हिंदीतून, गोव्यात मराठी-कोंकणीतून आलेले बहुधा गप्प राहतात.

या मुक्या विद्यार्थ्याला प्राध्यापकापेक्षा वरच्या वर्गातील सोबती अधिक सहज बोलते करतो. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाने २००३ च्या सुमारास पदवीच्याच विद्यार्थ्यांना असे साहाय्यक नेमले, तेही अध्यापनाचे धडे देऊन. खरी मेख येथेच आहे. अप्रशिक्षित हुशार विद्यार्थी उत्तर सांगून मोकळा होतो. प्रशिक्षित साहाय्यक प्रश्न विचारतो, थांबतो, उपकरण दुसऱ्याच्या हाती देतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर सर्वसमावेशक शिक्षण हे शिक्षणसंस्थांचे कर्तव्यच ठरविले आहे. विद्यापीठांनी गुणवंतांबरोबरच स्वतः अडखळत शिकलेल्यांनाही या कामी निवडावे, रीतसर शिकवावे आणि मानधन द्यावे. फुकटच्या सेवेवर अशी योजना फार काळ तग धरणार नाही.