मिली : हजारातला एक

बालमित्रांनो, कंपासपेटीतली पट्टी काढा. तिच्यावरच्या दोन छोट्या रेघांमधले अंतर म्हणजे एक मिलिमीटर. अशा 1000 मिलिमीटरचा एक मीटर होतो. मापाआधी ‘मिली’ आले की समजायचे, त्याचा हजारावा भाग. लिटरचा हजारावा भाग मिलिलिटर, ग्रॅमचा हजारावा भाग मिलिग्रॅम. लॅटिन भाषेत ‘मिले’ म्हणजे हजार. त्यावरून हा शब्द आला.

आता अम्मीला सोबत घेऊन औषधांचा डबा पाहा. तापाच्या गोळीवर 500 एमजी लिहिलेले असते, म्हणजे 500 मिलिग्रॅम, अर्धा ग्रॅम. थायरॉइडच्या गोळीवर मात्र 50 एमसीजी असे दिसेल. एमसीजी म्हणजे मायक्रोग्रॅम, मिलिग्रॅमचाही हजारावा भाग! एका ‘सी’ अक्षराने हजारपट फरक पडतो. म्हणून दादींना चष्म्याविना दिसत नसेल, तर तुम्ही एकेक अक्षर नीट वाचून दाखवा. औषध मात्र मोठ्यांनीच द्यायचे. पातळ औषधही बाटलीसोबतच्या मापानेच मोजावे. घरातले चमचे लहानमोठे असतात.

आता सांगा : 60 मिलिलिटरची बाटली, रोज तीनदा 5 मिलिलिटर. किती दिवस पुरेल?

(उत्तर : 4 दिवस)