वाहन नवे, वायर जुनी

संध्याकाळी सात-आठनंतर शहरातल्या कोणत्याही जुन्या सोसायटीत नजर टाकली, तर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडलेली एखादी वायर दिसतेच. वायरच्या टोकाला एक्स्टेन्शन बोर्ड, बोर्डाला चार्जर आणि चार्जरला विजेवर चालणारी दुचाकी. पेट्रोलचा खर्च वाचावा म्हणून घेतलेल्या लाखाच्या वाहनाला रात्रभर वीज पुरवण्याचे काम टेबल फॅनसाठी आणलेल्या दोन-तीनशे रुपयांच्या वायरवर सोपवलेले असते.

विजेच्या दुचाकीला आग लागल्याची बातमी आली की बोट बॅटरीकडे जाते. ते निराधार नाही. २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिकंदराबादला ई-स्कूटरच्या शोरूमला आग लागली आणि तिचा धूर वरच्या लॉजमध्ये शिरून आठ जण दगावले. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षा चाचण्या अधिक कडक केल्या. मात्र भिंतीतल्या सॉकेटपासून चार्जरपर्यंतच्या वायरची चाचणी कोणी घेत नाही. ते ज्याचे त्यानेच पाहायचे असते.

वायर तापते का, याचे उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह तिप्पट झाला तर उष्णता नऊपट होते. टेबल फॅन अर्धा अँपिअरही घेत नाही. ७५० वॉटचा चार्जर २३० व्होल्टवर सव्वातीन अँपिअर घेतो, मोठ्या क्षमतेचे चार्जर त्याहून बरेच जास्त. शिवाय मिक्सर पाच मिनिटांत बंद होतो, चार्जर चार-पाच तास चालतो. वायर गुंडाळलेली असेल, गादीखाली किंवा पायपुसण्याखाली असेल, तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि प्लॅस्टिकचे आवरण मऊ पडू लागते.

खरा धोका असतो सांध्यात. सैल झालेली पिन, टेप गुंडाळून जोडलेली वायर, एका बोर्डात खुपसलेला दुसरा बोर्ड या ठिकाणी विरोध वाढतो. सांध्यात केवळ अर्धा ओहम विरोध असेल आणि बारा अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर त्या एका बिंदूवर ७२ वॉट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याचे सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॉटचे असते, यावरून कल्पना यावी. ‘घरात एमसीबी आहे, काही झाले तर पडेल’ हा दिलासाही इथे फसवा ठरतो. एमसीबी पडते ती प्रवाह मर्यादेबाहेर गेल्यावर. सैल सांध्यात प्रवाह वाढत नाही, फक्त उष्णता वाढते. बोर्ड वितळेपर्यंत एमसीबीला त्याचा पत्ता नसतो.

म्हणून उत्तम उपाय म्हणजे एक्स्टेन्शन न वापरणे. वाहन उभे राहते तिथे परवानाधारक वायरमनकडून १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, योग्य जाडीची तांब्याची वायर, अर्थिंग, एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्यावी. नाइलाजाने एक्स्टेन्शन वापरावेच लागले, तर चार्जरच्या माहितीपुस्तिकेत त्याला मनाई नाही ना, हे आधी पाहावे. वायर आयएसआय चिन्हाची, तीन तारांची, चार्जरच्या अँपिअरला पुरेशी जाड आणि गरजेपुरतीच लांब असावी. ती पूर्ण उलगडावी. १६ अँपिअरची जाड पिन कन्व्हर्टर लावून ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये घालू नये. त्याच बोर्डावर दुसरे काही लावू नये. अर्ध्या तासाने बटण बंद करून प्लग हाताने चाचपावा. तो चटका देण्याइतका गरम असेल, काळवंडला असेल किंवा जळका वास येत असेल, तर ती वायर पुन्हा वापरू नये. पावसाळ्यात बोर्ड जमिनीवर ठेवू नये. चार्जिंग शक्यतो सगळे जागे असताना करावे, आणि जिन्याच्या तोंडाशी तर कधीच करू नये. आग लागली तर बाहेर पडण्याची वाट तीच असते.

आगीत माणसे भाजण्याआधी अनेकदा धुराने गुदमरतात. धुरात सापडलेल्याचा आवाज घोगरा झाला किंवा नाकात काजळी दिसली, तर तो चालता-बोलता असला तरी रुग्णालयात न्यावे. श्वासमार्गाची सूज काही तासांनी वाढते. विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करून १०८ ला फोन करावा. विजेने भाजल्याची खूण कातडीवर बोटाच्या पेराएवढी असली, तरी आतले स्नायू जळलेले असू शकतात. त्याचा परिणाम मूत्रपिंडांवर आणि हृदयाच्या लयीवरही होतो, त्यामुळे तपासणी टाळू नये. भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही लावू नये. बॅटरीच पेटली असेल, तर विझवत न बसता सर्वांना घेऊन बाहेर पडावे व अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे.

केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरच्या वीजजोडणीवर वाहन चार्ज करण्याची मुभा आहे. तरीही ‘धोका नको’ म्हणून पार्किंगमध्ये पॉइंट द्यायला अनेक सोसायट्या तयार नसतात. त्यामुळे चार्जिंग थांबत नाही; वायर खिडकीतून खाली येते आणि धोका साऱ्या इमारतीचा होतो. पुढच्या वार्षिक सभेत रंगकामाच्या खर्चाआधी हा विषय घ्यावा. चार चांगल्या पॉइंटचा खर्च एका आगीच्या तुलनेत काहीच नाही.