घरचे नवे लेखनिक

आमच्या शिरूर व दौंड तालुक्यांतील पुष्कळ घरांत आज एक नवाच लेखनिक वावरत आहे. त्याचें वय चौदा-पंधरा वर्षांचें असून तो नववी-दहावींत शिकत असतो. वडिलांचा सातबारा तो मोबाइलवर काढून देतो, कांद्याचा बाजारभाव पाहून सांगतो, आणि बँकेचा संदेश आला म्हणजे आई तो त्याच्याकडूनच वाचून घेते. पूर्वीं पत्र वाचून घेण्यास लोक गांवांतील एखाद्या साक्षर गृहस्थाकडे जात. तो मान आज आमच्या विद्यार्थिवर्गाकडे आला आहे.

परंतु हा मान जोखमीचा आहे. अक्षरें गिरवितां येणें व अर्थ कळणें यांत जें अंतर, तेंच यंत्रावर बोटें चालणें व त्यावरील मजकूर पारखणें यांत आहे. यूपीआयनें पैसे देण्यास पिन लागतो, घेण्यास कधींच लागत नाहीं. एवढें ज्यास ठाऊक नाहीं, त्याची चपळाई घरच्या वर्षाच्या कमाईस घातक होय. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें, हेंही किती मुलांस माहीत असेल?

मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या, तेव्हां मोबाइल अभ्यासाचें साधन म्हणून मुलांच्या हातीं आला. विवेक मात्र त्याबरोबर आला नाहीं. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव येथील ग्रामस्थांनीं २०२२ मध्यें सायंकाळीं सातच्या भोंग्यानंतर दीड तास मोबाइल व दूरदर्शन बंद ठेवण्याचा नियम केला. हा संयम स्तुत्य खरा. पण दिवसाच्या उरलेल्या वेळेचें काय? उलटपक्षीं, आमच्या शिरूर तालुक्यांतील वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेनें टॅब वर्गांत आणून तोही अभ्यासाचें साधन होतो, हें दाखविलें. तेव्हां केवळ बंदीनें भागणार नाहीं. पारख शिकविली पाहिजे.

याकरितां प्रत्येक शाळेनें आठवड्यांतून एक तास राखून ठेवावा. घरीं आलेला संशयास्पद संदेश वर्गापुढें मांडून पुसावें: हा कोणीं धाडिला? त्यास आपणांकडून काय हवें आहे? तो इतकी घाई कां करितो? हीच गोष्ट दुसऱ्या ठिकाणीं पडताळतां येते काय? या तासास मुली अग्रभागीं असाव्यात. कारण घरांत मोबाइल एकच असला म्हणजे तो बहुधा भावाच्या हातीं जातो, आणि पुढें संसाराचा हिशेब मात्र तिलाच पाहावा लागतो.

विद्यार्थिमित्रहो, आईबाप तुमच्या वाचनावर विसंबून आहेत. त्यांना वाचून दाखविण्यापूर्वीं, तें खरें आहे कीं नाहीं हें पाहण्याची संवय आजपासून लावून घ्या.